गाळलेला ‘न’

एकलहरे कॉलनी, नाशिक
६ जानेवारी २०२५

भूषण,

हे मेलने पाठवते आहे. फोन करू नकोस. मला उत्तर लिहिलेलं हवं आहे.

काल रविवारी मावशीच्या गाण्याच्या वर्गात संध्याताईंनी तुझ्या नव्या चित्रपटातल्या गाण्याची झलक मोबाइलवर लावली. मी तिच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं बटण बसवायला गेले होते, म्हणून मलाही ऐकायला मिळाली. गाण्याची पहिली ओळ म्हणजे ‘दीप धरूँ किस द्वार’, आपण दोघं लहानपणी मावशीकडे शिकलो ती मारव्यातली चीज. तू झपताल काढून चार मात्रांचा ठेका लावला आहेस आणि पट्टी वर नेली आहेस. घरी येऊन मी दोन्ही सुरावटी एकाखाली एक लिहिल्या. अठ्ठावीस स्वरांपैकी सव्वीस जुळतात.

झलकेखाली लिहिलं आहे: ‘संगीत: भूषण राज. पारंपरिक बंदिशीवर आधारित.’

पारंपरिक म्हणजे कुणाचीच नाही, असं वाचणारा समजतो. तुला ही चीज परंपरेने दिलेली नाही. नाशिक रोडच्या वत्सला पगारे या निवृत्त टंकलेखिकेने, स्वतःच्या घरी, चटईवर बसवून दिली. एवढी एक ओळ श्रेयनामावलीत यावी असं माझं म्हणणं आहे. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिचं नाव आजवर कुठे छापून आलेलं नाही.

झलक ऐकून ती “बरं केलंय पोरानं” म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी तिने पुढे कुणाला शिकवलं नाही. तिला काय वाटलं असेल, हे मी सांगायला नको.

ज्योत्स्ना गांगुर्डे

*

अंधेरी, मुंबई
८ जानेवारी

ज्यो,

तुझं पत्र वाचून वाटलं, तुझ्या वीज मंडळाने माझी लाइन कापायची नोटीस काढली. आडनावासकट सही! अगं, मी शेजारच्या दोंद्यांचा पोरगा. तुझ्या डब्यातली भेंडी खाऊन मोठा झालो. अजून टर्बाइनची कंपनं मोजतेस ना? माझ्या गाण्याचीही मोजलीस, ऐकून बरं वाटलं. ते उरलेले दोन स्वर माझे, एवढं तरी कबूल कर.

आता मुद्द्याचं. पारंपरिक हा शब्द माझा नाही, बाईंचा आहे. २००८ सालच्या वर्गाची माझी रेकॉर्डिंग अजून जपलेली आहे. सोबत जोडतो. तिसऱ्या मिनिटाला ऐक. बाई स्पष्ट म्हणतायत, “ही यादव गुरुजींची चीज. त्यांना त्यांच्या गुरूंकडून आलेली. शंभर वर्षं तरी जुनी.” मागे कुणीतरी खिदळतंय, ती तू आहेस. शंभर वर्षं जुन्या चिजेवर कुणाचा हक्क सांगू? उद्या प्रत्येक गाणाऱ्याची मावशी पत्र लिहील. याआधी बाईंकडच्या दोन चिजा मी दोन चित्रपटांत वापरल्या, पारंपरिक म्हणूनच. तेव्हा पेढे घेऊन आलो होतो, बाईंनी खाल्ले, तूही खाल्लेस.

उलट त्या चिजेतली एक चूक आम्ही दुरुस्त केली, त्याचे आभार मान. आमचे गीतकार कानपूरचे. अंतरा वाचला आणि हसत सुटले. ‘छिन छिन जिया कल परत है.’ म्हणाले, “भैया, ये बिरहन है या छुट्टी पर आई है?” कारण कल म्हणजे चैन. सजण आला नाही आणि हिच्या जिवाला क्षणोक्षणी चैन पडतंय! मूळ ‘कल न परत’ असणार, मधला ‘न’ कुणीतरी गाळला. आम्ही घातला, झलकेतही आहे.

गाणं सात फेब्रुवारीला येतंय. बाईंना माझा नमस्कार सांग. आणि जरा हस.

भूषण

*

एकलहरे कॉलनी
१९ जानेवारी

भूषण,

रेकॉर्डिंग ऐकली. खरी आहे. म्हणून माझं पहिलं विधान मागे घेते आणि दुसरं मांडते. ही चीज यादव गुरुजींची नाही.

कारण तूच दिलंस. ‘कल परत है’चा अर्थ तुला आधी काय वाटत होता, आठव. मला वाटायचं, जिवाला कळ येते. पोटात कळ येते तशी. संध्याताईंना विचारलं, त्याही तेच म्हणाल्या. वर्गातल्या अकराही जणांनी तेच सांगितलं. आपल्यापैकी कुणालाही ही ओळ कधी खटकली नाही, कारण आपण सगळे मराठीत ऐकत होतो. तुझ्या गीतकाराला खटकायला एक वाचन पुरलं.

यादव गुरुजी कानपूरकडचे. देवळालीच्या शाळेत संगीत शिकवायला आले आणि इथेच राहिले. १९८१ साली ते वारले. ही चूक त्यांच्या हातून झाली असेल का, हे तपासायला काल मी घोटीला गेले. त्यांचा मुलगा राजू यादव तिथे भाताची गिरणी चालवतो. गुरुजींची वही त्याने पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे.

तो म्हणाला, “बघा की ताई, लय जुनी वही हाय. आमच्यात कुणी गात नाय, पन टाकवत बी नाय.”

वहीत बासष्ट चिजा आहेत. ‘दीप धरूँ’ त्यांत नाही. ‘कल न परत’ हे शब्द सहा चिजांत येतात आणि सहाही ठिकाणी ‘न’ आहे. राजूला मी विचारलं, गुरुजी घाईत तो विसरले असतील का? तो हसला. “माझा बाप ‘न’ विसरला असता तर आज्यानं कानाखाली काढली असती. घरातली बोलीच ती. तुमी ‘नाय’ म्हणायला इसराल का?”

म्हणजे चीज बांधणारी व्यक्ती गुरुजींच्या तालमीतली आहे, पण विचार मराठीत करते. राजू सांगतो, घरी येऊन शिकलेले त्यांचे मराठी शिष्य चार. त्यांतले तिघे तबला आणि हार्मोनियम शिकले. चौथी मावशी.

तिला मी अजून विचारलेलं नाही. तोवर श्रेयनामावली पक्की करू नकोस.

ज्योत्स्ना

*

अंधेरी
२० जानेवारी

ज्योत्स्ना,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. काल रात्रीच उत्तर दिलं असतं तर ‘डोकं फिरलंय’ असं लिहून मोकळा झालो असतो. सकाळी एक गोष्ट आठवली, ती कुणाला सांगितलेली नाही.

मी सतरा वर्षांचा होतो. एक चाल केली होती, पहिलीच. वर्ग सुटल्यावर भीत भीत बाईंना ऐकवली. त्यांनी दोनदा म्हणून घेतली. मग म्हणाल्या, “चांगली आहे रे. पण तुझी म्हणून सांगू नकोस. जुनी आहे म्हण. मग लोक ऐकून घेतात.” मला वाटलं होतं, मी लहान म्हणून सांगतायत. आज कळलं, त्या अनुभवाचं सांगत होत्या. त्यामुळे तुझं खरं असणार. मला पटलं.

आता तू ऐक. इथे माझ्या पटण्याने भागत नाही. निर्मात्यांचे वकील म्हणतात, रचनाकार जिवंत असेल तर तिचं सहीचं निवेदन लागेल: ‘ही माझी स्वतःची रचना आहे.’ तीन फेब्रुवारीच्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर पारंपरिकच जाईल, आणि एकदा गाणं गेलं की ते कायमचं तसंच राहील.

पण बाईंनी तशी सही करायची म्हणजे काय, याचा विचार केलास का? चाळीस वर्षं ज्यांना शिकवलं त्यांना बाई खोटं सांगत होत्या, असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. संध्याताईंचा तर अख्खा प्रबंधच यादव गुरुजींच्या चिजांवर आहे. कॉलेजात त्या मान वर करून चालतात ते त्याच्या जोरावर. बाईंच्या शब्दावर उभं राहिलेलं हे सगळं तू एका ‘न’साठी पाडणार?

कदाचित त्या आत गेल्या ते दुखावल्या म्हणून नसेल. घाबरल्या असतील. हे तुझ्या मोजमापात बसतं का?

आणि विचारायचंच असेल तर या एका चिजेपुरतं विचार. बाकीचं उकरू नकोस.

भूषण

*

एकलहरे कॉलनी
२३ जानेवारी

भूषण,

विचारलं. तुझा अंदाज बरोबर होता, माझा चुकला होता. ती घाबरली होती.

मी तिच्यासमोर वहीचे फोटो ठेवले, त्या सहा ओळी अधोरेखित करून. एखाद्या बेअरिंगचा अहवाल ठेवावा तसे. तिने चष्मा लावला, सगळे नीट पाहिले आणि फोटो परत माझ्याकडे सरकवले. म्हणाली, “गाणं मोजायला तुला कुणी सांगितलं होतं?”

मी म्हणाले, तुझं नाव लागावं म्हणून. त्यासाठी तुझ्या सहीचा कागद लागेल, तेही सांगितलं.

“माझं नाव लावायला मी मेले नाही अजून.”

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. येत्या रविवारचा वर्ग तिने बंद ठेवला आहे. वर्ग घ्यायला लागल्यापासून असं दोनदाच झालं होतं, माझी आई गेली तेव्हा आणि टाळेबंदीत. मी डबा घेऊन जाते. ती दार उघडते, डबा घेते, दार लावते.

निवेदनाचा कागद पाठवू नकोस. मी तिच्यापुढे तो ठेवणार नाही.

बाकीचं उकरू नको असं तू लिहिलं आहेस. बाकीचं काय, हे तू सांगितलेलं नाहीस. मी नोंद घेतली आहे.

ज्योत्स्ना

*

नाशिक रोड
२७ जानेवारी २०२५

चि. बुद्धभूषण यास,
सप्रेम जय भीम.

तुझं नाव मी पुरतं लिहिते आहे. पडद्यावर तू ते अर्धं करतोस आणि आडनाव राज लावतोस. का करतोस हे मला कळतं, म्हणून कधी बोलले नाही. या बाबतीत मी कुणाला काय बोलणार?

ज्योत्स्ना तुला काय लिहिते ते मी वाचलं नाही, पण अंदाज आहे. ती पोरगी लहानपणापासून अशी. खाऊ दिला तरी दुसऱ्याला किती दिला ते आधी बघायची. कमी मिळाला म्हणून नव्हे. हिशेब चुकला तर तिला झोप यायची नाही.

तर ऐक. ‘दीप धरूँ’ मी बांधली. १९८३ सालचा दिवाळीचा महिना होता. ऑफिसात बिलांच्या प्रती टाइप करता करता मुखडा सुचला आणि साहेबांच्या पत्रात दोन ओळी चुकल्या. जुन्या चिजांत सगळीकडे ‘कल न परत’ यायचं. गुरुजींना अर्थ विचारायची छाती नव्हती. मला वाटायचं, हा ‘न’ कुणीतरी मात्रा भरायला घुसडलाय. कळ येत नसती तर ती बाई रडली कशाला असती? म्हणून मी माझ्या चिजेत तो काढून टाकला. आणि मनात म्हटलं, वत्सले, मोठमोठ्यांना जमलं नाही ते तुला जमलं! ज्योत्स्नाने फोटो दाखवून कल म्हणजे चैन असं सांगितलं, तेव्हा कळलं. एवढं वय झालं, पण कानशिलं तापली.

दुसऱ्या वर्षी गंगापूर रोडला एका संगीत मंडळाच्या सभेत गायले. गाणं झाल्यावर चिटणीसांनी आधी माझं आडनाव विचारलं, मग चीज कुणाची ते. मी म्हणाले, माझी. ते बाकीच्यांकडे वळून म्हणाले, “आता टायपिस्ट बाईही चिजा बांधायला लागल्या! चला, टाइपरायटरवर रागही बसतो म्हणायचा.” सगळे हसले. मीही हसले. पुढच्या वर्षी त्याच मंडळात, त्याच माणसापुढे, तीच चीज गायले. त्यांना मागची आठवणही नव्हती. कुणाची विचारल्यावर सांगितलं, आमच्या गुरुजींची, जुनी. त्यांनी डोळे मिटले. “वा! जुना माल तो जुनाच.” आणि नोटेशन मागून घेतलं.

गुरुजी तोवर गेले होते. ते असते तर मला खोटं बोलता आलं नसतं.

मी खोटं बोलले ते चिजेसाठी. माझ्या नावाने ती त्या खोलीतच मेली असती. गुरुजींच्या नावाने ती तुझ्यापर्यंत आली. या व्यवहारात माझं काही गेलं, असं मला इतकी वर्षं वाटलं नाही. त्या दिवशी मोबाइलवर ऐकली आणि तुझ्या गाणाऱ्या मुलीने ‘न’ घातला, तेव्हा मात्र आत कुणीतरी म्हणालं, अगं, ही माझी आहे, तिला हात लावू नका. ते मलाही आवडलं नाही. म्हणून आत गेले.

सही करायची की नाही, ते मी ठरवीन. कागद पाठव.

तुझ्या,
बाई

*

अंधेरी
३१ जानेवारी

ज्योत्स्ना,

बाईंचं पत्र आज पोहोचलं. वाचून झाल्यावर स्टुडिओतल्या पोरांना बाहेर काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग गाणाऱ्या मुलीला परत बोलावलं. अंतरा पुन्हा गाऊन घेतलाय, ‘न’शिवाय. गीतकार चिडले. त्यांना कळचा अर्थ सांगितला. म्हणाले, “ये तो हमारी भाषा में होना चाहिए था.”

कागद सोबत आहे. एकच पान. सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत सही होऊन इकडे यायला हवं.

आता तू जे नोंद करून ठेवलंस ते. हो, मला भीती वाटते. आधीच्या दोन चित्रपटांतल्या दोन चिजा मी पारंपरिक म्हणून दिल्या आणि करारावर तसं लिहून सही केली. एकीला पुरस्कार मिळाला. त्याही बाईंच्याच असतील तर मी दोनदा खोटं लिहून दिलंय. नकळत, पण हे कोण ऐकणार? ‘भूषण राजने आपल्या म्हाताऱ्या गुरूची गाणी उचलली,’ अशीच बातमी होईल. पुढचं काम मिळणार नाही.

या एका चिजेचं श्रेय मी पुरतं देतोय, मोठ्या अक्षरात. बाकीचं राहू दे. कागदावर तेवढंच लिहिलंय, तेवढ्यावरच सही घे. हे मी तुझ्याकडे मागतोय, बाईंकडे नाही.

बुद्धभूषण

*

एकलहरे कॉलनी
३ फेब्रुवारी २०२५, दुपारी ४.१०

बुद्धभूषण,

घडलं ते क्रमाने लिहिते.

काल वर्ग भरला. मावशीने सकाळी मला फोन करून बोलावलं होतं. अकराही जण आले होते. तिने तानपुरा लावला नाही. बसल्या बसल्या म्हणाली, “‘दीप धरूँ’ गुरुजींची नाही. माझी आहे. तुम्हाला मी खोटं सांगितलं.”

 मग संध्याताईंनी विचारलं, “आणि बाकीच्या, बाई?”

मावशी बोटांवर मोजत गेली. एक हात संपला, दुसरा संपला. “ही धरून अकरा.”

संध्याताईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, “माझ्या प्रबंधात गुरुजींच्या म्हणून चौदा आहेत. त्याचं मी काय करू?”

“नाव बदल,” मावशी म्हणाली. “बाकी मजकूर ठीक आहे. मी तेव्हाच वाचला होता.”

कुणीतरी हसलं. संध्याताई हसल्या नाहीत. त्यांनी वही पिशवीत घातली, मावशीच्या पाया पडल्या आणि निघून गेल्या. पाया का पडल्या, ते मला सांगता येणार नाही. परत येतील की नाही, तेही नाही. 

आज दुपारी मी रजा टाकून तिच्याकडे गेले. तुझा निरोप तिला सांगितला, सगळा, तुझ्या भीतीसकट. तू माझ्याकडे मागितलं होतंस. पण जे तिच्याबद्दल आहे ते तिच्यापासून लपवून मी तिच्यापुढे कागद ठेवू शकत नाही. एकदा तिला न सांगता घोटीला जाऊन पाहिलं आहे. पुन्हा नाही.

तिने ऐकून घेतलं. “घाबरलाय का पोरगा?” एवढंच विचारलं. मी हो म्हणाले.

मग तिने कागद दोनदा वाचला. टाइपातल्या दोन चुका दाखवल्या आणि सही केली. सहीनंतर पेन खाली ठेवलं नाही. म्हणाली, “यात मी खोटं बोलले होते असं कुठे लिहायचं?”

मी सांगितलं, त्याला रकाना नाही.

“मग मागे लिहिते.”

तिने कागद उलटला. मागे जे लिहिलं आहे ते शब्दशः देते:

‘मी, वत्सला पगारे, हिने खालील अकरा चिजा स्वतः बांधून गुरुजींच्या नावावर सांगितल्या. शिकणाऱ्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. बुद्धभूषण दोंदे यानेही ठेवला. त्याने पारंपरिक लिहिलं ते माझ्यामुळे. खोटं माझं आहे, त्याचं नाही.’

खाली अकरा चिजांची यादी आहे. दुसरी आणि सातवी तुझ्या आधीच्या चित्रपटांत आहेत.

हे तुला वाचवायला लिहिलं की स्वतःला मोकळं करायला, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “कागदाला दोन बाजू असतात, म्हणून लिहिलं. तू चहा टाक.”

तुमच्या वकिलांना समोरची बाजू पुरेल. मागची त्यांच्याकडे गेली तर आधीचे दोन्ही करार उघडतील आणि जाब तुलाच द्यावा लागेल, भले ती काहीही लिहो. नाही गेली तर कुणी विचारणार नाही. मीही नाही. तिच्या कागदातलं काय पुढे जावं, हे ठरवायचा अधिकार माझा नाही. तो तुझा आहे, आणि सहापर्यंतच आहे.

दोन्ही बाजू जोडल्या आहेत.

ज्योत्स्ना